जबड्यावरून खेळाडू ओळखण्याची पद्धत

८ ऑगस्ट, रविवार

काल मेहुण्याच्या घरी ड्राफ्ट झाला. आम्ही आठ जण, सगळे घरचेच. प्रत्येकाने फुटबॉलचे पंधरा खरे खेळाडू निवडायचे. एक खेळाडू एकाच्याच टीममध्ये. ते खऱ्या मॅचमध्ये खेळले, गोल मारले किंवा अडवले की पॉइंट आपल्याला, लाल कार्ड मिळालं की आपलेच कापले. निवडीत माझा नंबर आठवा लागला. चिठ्ठ्या मेहुण्याने काढल्या. लीगचा अध्यक्षही मेहुणाच. याहून जास्त लिहीत नाही, ही वही बायकोच्या हाती लागू शकते.

आठवा नंबर म्हणजे सगळी साय दुसऱ्यांच्या वाटीत. हरकत नाही. लीग ड्राफ्टमध्ये जिंकत नाहीत. ती जिंकतात उरलेल्यांवर. ज्यांना कोणीच घेतलं नाही त्यांच्यात एखादा झोपलेला हिरा असतो. जाणकार त्याला स्लीपर म्हणतात. दर शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत आपला एक खेळाडू सोडून उरलेल्यांतला एक उचलता येतो. ही सोय बाकीचे वापरत नाहीत. मी ती पिळून काढणार.

मुलीची यंदा वेगळी टीम. चार वर्षं आमची एकच होती. शनिवारी दुपारी एक सोफा, एक फोन, एक पांघरूण. गेल्या वर्षी तिचा लाडका विंगर मी तिला न विचारता सोडला आणि पुढच्याच मॅचला त्याने तीन गोल मारले. पंधरा वर्षांची आहे, अजून विसरली नाही. काल पैज लावली. मी तिच्या पुढे राहिलो तर पुढच्या वर्षी पुन्हा एकत्र टीम. ती पुढे राहिली तर कायमची वेगळी. लगेच हो म्हणाली. जरा जास्तच लगेच.

संकल्प: घाई नाही. कोणालाही किमान पाच मॅच द्यायच्या. बस्स.

१४ ऑगस्ट, शनिवार

आठवा. पहिला आठवडा मोजायचा नसतो.

मुलगी मॅच बघायला स्वयंपाकघरात बसली, टेबलापाशी, कानात इअरफोन घालून. गोल झाला की आतून टाळी ऐकू यायची. कोणाचा गोल, ते विचारलं नाही.

१७ ऑगस्ट, मंगळवार. जेवणाच्या सुट्टीत

आज लॅबमध्ये एका पेशंटच्या दातांचा साचा आला. दाढा झिजून पार सपाट. झोपेत दात खाणारा माणूस. साच्यात प्लास्टर ओतता ओतता एकदम डोक्यात प्रकाश पडला. जो झोपेतसुद्धा दात खातो, तो मैदानावर काय करेल!

बावीस वर्षं मी लोकांच्या कवळ्या बनवतोय. माणसाचा जबडा बघून त्याचा स्वभाव सांगतो. (मालकाचा सांगितला होता, तेव्हापासून माझी खुर्ची खिडकीपासून हलवली.) जगातल्या एकाही कोचकडे ही नजर नाही. आता टीव्हीवर खेळाडूचा चेहरा जवळून दाखवला की थांबवायचं आणि कानाखालची गाठ बघायची, दात आवळले की फुगते ती. गाठ जाड, तर माणूस जिद्दी.

यंदा मी हसतहसत जिंकणार आहे.

२० ऑगस्ट, शुक्रवार

पहिला हिरा सापडला. तळाच्या टीमचा राइट बॅक. चेंडू बरोबर पत्त्यावर पोचवतो म्हणून मी त्याला पोस्टमन म्हणतो. गाठ अशी की सुपारी फुटावी. आठही जणांनी सोडलेला, मीसुद्धा.

बायकोने विचारलं की एका परक्या माणसाचं तोंड टीव्हीवर थांबवून अर्धा तास काय बघताय. म्हटलं, अभ्यास. म्हणाली, एवढा अभ्यास शाळेत केला असता तर. हे वाक्य ती कधीच पूर्ण करत नाही.

२७ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळी ५.५०

पोस्टमन: एक मॅच, एक पॉइंट. पाच मॅचचा संकल्प साध्या खेळाडूंसाठी आहे. हिऱ्याने पहिल्याच मॅचला चमकायला हवं, नाहीतर तो हिरा कसला? बहुतेक अक्कलदाढ ठणकत असेल त्याची. सोडला. त्याच्या जागी राखीव गोलकीपर घेतला, वय एकोणचाळीस. नाव ठेवलं आजोबा. या वयात सगळे दात स्वतःचे!

२८ ऑगस्ट, शनिवार

पोस्टमनने गोल मारला. आयुष्यातला पहिला. योगायोग.

काल सहाच्या आत कोणीतरी त्याला उचललाही म्हणे. कोणी, ते बघितलं नाही. मागे वळून बघणाऱ्यांतला मी नाही.

१८ सप्टेंबर, शनिवार

आजोबांना तीन आठवडे बेंचवरून उठवलं नाही. काल सोडले. आज त्यांच्या मुख्य गोलकीपरचं बोट मोडलं, आजोबा उतरले आणि दोन पेनल्टी अडवल्या. समालोचक त्यांना काय काय म्हणत होता! मी आवाज बंद केला.

माणसाने वयाचा मान ठेवावा, पण वेळेवर उतरावं की नाही?

मी आठवा. मुलगी तिसरी. मेहुण्याचा मेसेज: भावोजी, दात कोरून पोट भरत नाही. माझ्या पद्धतीची बातमी फोडली कोणी? घरात दोनच माणसं आहेत. दोघींनाही विचारलं. दोघीही हसल्या.

६ ऑक्टोबर, बुधवार

लॅबमध्ये किरकोळ प्रसंग. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या कवळीत दात बसवत होतो. समोर फोनवर एका मिडफिल्डरची मुलाखत चालू होती, जबडा बघण्यासारखा. हात आपोआप त्याच्यासारखे दात लावत गेला. आज मुख्याध्यापकांनी कवळी घातली, तर खालचा जबडा बोटभर पुढे. मालक म्हणाला, डॉक्टरांचा फोन आला होता, म्हातारा गरीब स्वभावाचा आहे आणि आता चावायला आल्यासारखा दिसतो, नातू जवळ जाईना. कवळी नव्याने बनवायला सांगितली, तीही शनिवारी येऊन.

मी फोटो पाहिला. मला तर म्हातारा दहा वर्षांनी तरुण आणि जिद्दी वाटला. सांगितलं नाही. मालकाच्या कानाखालची गाठ हलत होती.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

पद्धतीत सुधारणा. आतापर्यंत नऊ हिरे घेतले आणि सोडले. चूक माझी नव्हती, गाठीची होती. गाठ च्युइंगममुळेही येते. हे कोणी सांगत नाही! खरा लढवय्या दात दाखवतच नाही. खोल पाणी. त्यामुळे आता न हसणारे शोधायचे.

एक सापडला. डिफेंडर. दोन वर्षांत एकदाही हसलेला नाही. नाव ठेवलं मौनीबाबा.

बायको म्हणाली, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. तिला फुटबॉल कळत नाही.

१३ नोव्हेंबर, शनिवार

मौनीबाबाने चौसष्टाव्या मिनिटाला तोंड उघडलं आणि समोरच्या फॉरवर्डच्या दंडाला चावला. लाल कार्ड. सहा मॅचची बंदी. मला उणे तीन पॉइंट.

मात्र एक गोष्ट नमूद करतो. फॉरवर्डच्या दंडावरचा ठसा टीव्हीवर मोठा करून दाखवला, वरचे सहा आणि खालचे सहा, एकही दात वाकडा नाही. दातांबद्दल माझा अंदाज शंभर टक्के बरोबर होता.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

मौनीबाबाला सोडला. बंदीतल्या माणसाला कोण सांभाळेल? तासाभरात कोणीतरी उचलला. जगात वेडे लोक आहेत.

१८ डिसेंबर, शनिवार

मी आठवा. सातव्यात आणि माझ्यात साठ पॉइंट. सातवी मेहुण्याची बायको, जिने ऑगस्टनंतर लीगचं ॲप उघडलेलं नाही.

मुलगी पहिली.

आज मॅच सुरू व्हायच्या आधी तिला म्हटलं, बाहेर येऊन बस, इथे पडदा मोठा आहे. म्हणाली, नको, मग टाळी कोणाच्या गोलला ते तू मला विचारत बसशील. मी म्हटलं, मी कशाला विचारीन? मग सोफ्यावर एकटाच बसलो. पांघरूण पायावर घेतलं तर ते इतकं उरलं की घडी घालून बाजूला ठेवलं. वाईट वाटलं. लिहून ठेवतो, इथे कोणी वाचत नाही.

५ फेब्रुवारी, शनिवार

हिशेब केला. पैज अजून जिंकता येते. मी दर आठवड्याला एकशे दहा पॉइंट मिळवायचे आणि तिने एकही नाही. माझी आतापर्यंतची सरासरी एकोणीस. पण सरासरी ही गेलेल्या दिवसांची असते.

१४ मार्च, सोमवार

कडक संकल्प. सीझन संपेपर्यंत एकालाही सोडणार नाही. सध्या माझ्याकडे लंबू आहे, सहा फूट पाच इंच, जुन्या क्लबने फुकट देऊन टाकलेला स्ट्रायकर. गाठही आहे, हसतही नाही. दोन्ही पद्धतींत बसणारा एकमेव माणूस. याला मरेपर्यंत सोडणार नाही.

१७ मार्च, गुरुवार

लंबू सरावात लंगडताना दिसला. व्हिडिओ अकरा वेळा बघितला. डावा पाय.

१८ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ५.५८

सोडला. सुटलो एकदाचा.

१९ मार्च, शनिवार

लंबूने चार गोल मारले. दोन डाव्या पायाने.

तिसऱ्या गोलला मी सोफ्यावरून उडी मारून ओरडलो. बरोबर त्याच क्षणी स्वयंपाकघरातून तीही ओरडली. दोघेही दारात समोरासमोर आलो. मी हात वर केलेले, तिनेही. मग मला आठवलं की तो माझा नाही. आणि ती का ओरडली, हा विचार डोक्यात आला.

आज पहिल्यांदा ॲपमध्ये तिची टीम उघडून बघितली. पोस्टमन. आजोबा. मौनीबाबा, बंदी संपल्यापासून तिच्याकडे आठ मॅच, पाच गोल. लंबू. पंधरातले नऊ माझे. माझे म्हणजे, मी सोडलेले.

२० मार्च, रविवार

सकाळी चहाच्या वेळी तिला विचारलं. तिने काही लपवलं नाही. म्हणाली, शुक्रवारी पावणेसहाचा गजर लावते, तू कोणाला सोडतोस ते बघते आणि उचलते. बास, एवढंच. खेळाडूंचा अभ्यास वगैरे काही नाही. मग कपात बघत म्हणाली, बाबा, तू निवडतोस ते चांगलेच असतात, तू फक्त थांबत नाहीस.

मी म्हटलं, म्हणजे माझी पद्धत बरोबर आहे! ती चहा संपवून उठली. मग कप धुऊन आत गेली.

दिवसभर तिचं वाक्य डोक्यातून जाईना. पहिला अर्धा भाग फार छान आहे.

८ एप्रिल, शुक्रवार

तिला फसवायला आज एक अगदी टाकाऊ खेळाडू घेऊन पाचच मिनिटांत सोडला. तिने घेतला नाही. म्हणाली, हा तू मनापासून निवडलेला नव्हता, कळतं.

कसं कळतं?

२१ मे, शनिवार

सीझन संपला. मुलगी पहिली, दुसऱ्यापेक्षा दोनशे पॉइंटनी पुढे. मी आठवा. सातवी तीच, ॲप न उघडणारी.

पैज हरलो. वर लीगचा नियम: शेवटचा येईल तो बाहेर. मेहुण्याच्या ऑफिसातला कोणी सहकारी माझ्या जागेसाठी वर्षभर रांगेत आहे. एकत्र टीम राहिली बाजूलाच, आता वेगळी टीमही नाही. बायकोने आज पहिल्यांदाच काही म्हटलं नाही. पाठीवर हात ठेवून गेली. ते जास्त लागलं.

२२ मे, रविवार. सकाळी ११

विश्वास बसणार नाही! ग्रुपवर मेहुण्याचा लांबलचक मेसेज आला. पहिलीच ओळ: ठराव, भावोजींना लीगमधून काढू नये, सात विरुद्ध शून्य, एकमताने मंजूर. ठराव मांडला माझ्या मुलीने! सातही जणांनी हात वर केले, ॲप न उघडणारीनेसुद्धा. आयुष्यात एकमताने माझी निवड कुठेच झाली नव्हती. लग्नातही बायकोचे एक काका विरोधात होते.

डोळ्यांत पाणी आलं. ताबडतोब लिहून टाकलं: मान्य. सर्वांचा आभारी आहे. खाली हात जोडलेले तीन.

दुपारी १

मेसेजचा उरलेला भाग आता वाचला. त्यात लिहिलंय की भावोजींनी सोडलेले खेळाडू ही लीगची सामायिक संपत्ती आहे आणि ती गेली तर सगळ्यांचंच नुकसान. मात्र भावोजी कोणाला सोडणार हे त्यांच्या चेहऱ्यावरून घरात आधीच कळतं आणि त्याचा फायदा एकाच सदस्याला होतो. सबब पुढच्या सीझनपासून शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, मुलीने मामाकडे राहावं. भावोजींना ही अट मान्य असेल तरच ठराव लागू.

मुलीला जाऊन विचारलं, तूही हात वर केलास? म्हणाली, नाहीतर तुला काढत होते ना, बाबा. एवढंच कबूल करून घेता आलं मला.

म्हटलं, अगं, पण मग शनिवारी मी एकटाच? ती म्हणाली, मला वाटलं तू वाचून नाही म्हणशील, मग मी परत भांडले असते. पण मेसेज आल्यावर एका मिनिटात तू मान्य लिहिलंस.

चाळीस सेकंदांत. नंतर फोनमध्ये बघितलं मी.