चाकांची बॅग आणू नकोस

नेपल्स, १४ सप्टेंबर

प्रिय आनिएलो,

अनेक आशीर्वाद, उलरिकेलाही. मी आणि आई ठीक आहोत. तुझी पाठ कशी आहे?

तुझं पत्र पोचलं. फोनच केला असता, पण आई कान टवकारून बसते, म्हणून लिहिते. याच गल्लीत गुडघे फोडून घेतलेला माझा भाऊ स्टुटगार्टहून विचारतो, "नेपल्समध्ये पर्यटकांनी काय काळजी घ्यावी?" वा! तीन वर्षांत तुला नाताळलाही सवड झाली नाही, आणि आता ऐन कामाच्या दिवसांत बायकोला घेऊन आठवडाभर? तेही हॉटेलात? काहीतरी शिजतंय, मला वास येतोय. असो, विचारलंस तर सांगते.

स्टेशनबाहेर टॅक्सीत पाय ठेवण्याआधी भाडं ठरवून घे. तुझ्या बोलण्याला आता जर्मन वळण आलंय, ड्रायव्हर गावभर फिरवून आणेल. मेट्रोत पाकीट पुढच्या खिशात. "साहेब, शर्टाला काहीतरी लागलंय" म्हणणारा भेटला तर आभार मानत थांबू नकोस. उलरिकेला सांग, इथं गाड्या थांबायची वाट पाहत बसलं तर म्हातारपण येईल. ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं आणि चालू लागायचं. कॉफी काउंटरपाशी उभ्यानं, आधी घोटभर पाणी. बसलात की बिल फुगतं. आणि पिझ्झ्यानंतर दुधाची कॉफी मागू नका, निदान मला ओळखतात तिथं तरी.

हो, आणि चाकांची बॅग घेऊन आपल्या गल्लीत येऊ नका. हॉटेलात ठेवा आणि हात हलवत या. इथल्या दगडांवर चाकं तुटतात.

तुला कुणी काही कळवलंय का रे? तित्तिनानं? समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालताना तिचा एक डोळा आमच्या घरात असतो. परवा म्हणाली, "नुन्झिये, भावाला बोलावून घे गं, एकटी किती ओढशील?"

मी म्हटलं, "तुझी चादर उडून चाललीय, ती ओढ आधी."

एरवी ती मला सोडत नाही. पण त्या दिवशी खाली मान घालून आत गेली, आणि मला संशय आला.

बरं, तिनं लिहिलंच असेल तर माझ्याकडूनही ऐक. बॅगेचं कारण दगड नाहीत.

जुलैत एक परदेशी माणूस बॅग खडखडवत आला आणि आमच्या बाल्कनीखाली पत्ता शोधत थांबला. आई वरून ओरडली, "आलास का रे! किती उशीर!" आणि आपण भाजीसाठी टोपली खाली सोडतो ना, तिच्यातून तिनं त्याला घराची किल्ली सोडली. त्यानं जवळच कुठं खोली घेतली होती. त्याला वाटलं, हीच घरमालकीण. मी बाजारातून आले तर बाबांच्या खुर्चीत हा अनोळखी माणूस, गळ्याला रुमाल, पुढ्यात मकारोनीची थाळी! मी झाडूच उचलला.

आई म्हणाली, "भावावर झाडू उगारतेस? बघ, किती वाळलाय आनिएलो."

त्याला एक अक्षर कळत नव्हतं, पण त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तेव्हापासून गल्लीत चाकं वाजली की टोपली खाली जाते. मी टोपली काढून ठेवली तर आई दिवसभर रडली. शेवटी मी तिच्या हातात तळघराची जुनी किल्ली दिली. ती आता कुठल्याच दाराला लागत नाही, पण आई खूश असते. तू बॅग घेऊन आलास तर तुलाही ती किल्ली सोडेल, आणि तिनं तुला ओळखलं की नुसत्या चाकांना, ते आपल्याला कधीच कळणार नाही. म्हणून म्हणते, रिकाम्या हातानं ये.

आता सरळ विचारते. तू तिला न्यायला येतोयस ना? तिकडं एखाद्या स्वच्छ, शिस्तीच्या वृद्धाश्रमात ठेवायला? तुझं पत्र आल्यापासून मी भांडणाची तयारी करतेय. काय काय सुनवायचं ते सगळं पाठ झालंय.

पण काल आंघोळ घालताना आईनं माझा हात धरला आणि विचारलं, "बाई, तुम्ही माझं इतकं करता. तुम्हाला स्वतःची आई नाही का?"

मी "आहे" म्हटलं, तिचे केस पुसले, तिला निजवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. आनिएलो, तू तिला नेशील याची मला भीती वाटत होतीच. आता त्याहून मोठी भीती वाटते, की माझा संशय खोटा ठरेल. तुम्ही दोघं समुद्रकाठी जेवाल, आईचा मुका घ्याल आणि परत जाल.

तू आलास की मी तुझ्याशी कडाकडा भांडेन. तिला हात लावू देणार नाही म्हणेन. माझं ऐकू नकोस.

तुझी मोठी, आणि फार दमलेली बहीण,
नुन्झिया