काळ्या झग्यातली बाई

१२ जानेवारी, सोमवार

आज सिनेमा बघितला! पुरा न्हाई, अर्धा तास. नातीला, संस्कृतीला, नगरच्या कालेजात त्यावर लिवायचंय. इटली देशाचा, लई जुना, एका जाड कादंबरीवरनं काढलेला. राजाच्या वक्ताची लढाई. रंग न्हाई, बोलनं कळत न्हाई. पर रडनं समद्यांचं सारखंच — मी बरोबर जागेवर रडले.

सुरवातीला एक गोरी पांढऱ्या झग्यात आली. मी म्हनलं, अगं बया, एवढ्या लहान वयात नवरा गेला! संस्कृती हसून हसून लोळली. "आज्जे, नवरी हाय ती. लगीन चाललंय तिचं!" मग नवरा लढाईत मेला, तर बाई काळ्या झग्यात. मला वाटलं, संक्रांतीची तयारी! समदं उलटंच.

सकाळी पुणतांब्याचे पाव्हने येऊन गेले. सुनील म्हनून एक हाय तिथला, त्याचा थोरला भाऊ. सुनीलची बायको वारली, पेरूची बाग हाय, मानूस निर्व्यसनी. आमच्या विजयमालाला मागनी घातली. "आजी, सून तुमची, तवा शब्दबी तुमचा." रविवारी सांगते म्हनलं. माझा ल्योक, संस्कृतीचा बाप रविराज जाऊन सहा वर्सं झाली. पेरू गोड हुते.

१३ जानेवारी

भोगी. बाजरीच्या भाकरीला तीळ लावले. विजयमाला गेली तर घरात मी आन कोंबड्या. संस्कृती काय, सुट्टीपुरती.

सिनेमातली सासू लई खाष्ट! खिडक्या बंद, सून आत. मेलेल्या ल्येकाची तलवार भिंतीला, ती सुनेनं रोज पुसायची. एक डाक्टर तिला मागनी घालतोय आन ही थेरडी नुसती मान हलवते. मी मोठ्यांदा म्हनलं, "अगं जाऊ दे की पोरीला, सटवे!" संस्कृती माझ्याकडंच बघत बसली. विजयमाला दारात तीळ पाखडत हुती. तिनं मान वर केली न्हाई.

१४ जानेवारी

संक्रांत. आळीत हळदीकुंकू. आमा दोघींना बोलावनं नसतं. चहा घेतला.

१६ जानेवारी, शुक्रवार

सिनेमा संपला. म्हातारीनं हो म्हनलं एकदाचं! घोडागाडी जोडली, तवर डाक्टर तोफेखाली खपला. बाई माघारी आली. आता सासू-सुना एकाच टेबलाला जेवतात, बोलत न्हाईत. टेबल केवढं म्हनून सांगू — आमच्या ओसरीएवढं!

"आज्जे, तू असतीस तर?" संस्कृती म्हनाली.

"मी असते तर त्या खिडक्यांवरच्या पडद्यांच्या आदी गोधड्या शिवल्या असत्या."

ती हसली न्हाई. मीबी मग कोंबड्या डालायला गेले.

१८ जानेवारी, रविवार

हो म्हनलं.

पाव्हना खूश. म्हनाला, "विधवेचा पाट अंधारातच लागतो आपल्यात, सवाष्नींनी बघू नये म्हनून. चार मानसं घेऊन रातीच येतो." म्हनलं, "का वं, चोरी करायचीय का? भर दुपारी या! वाजंत्री आना. आन मला म्होरं खुर्ची टाका." पाव्हन्यानं चहा सांडला. संस्कृतीनं शिट्टी मारली, पोरीची जात असून!

विजयमाला आत गेली ती भाईर आलीच न्हाई. लाजली आसंल.

१९ जानेवारी

लाजली न्हवती. सकाळी पाया पडली आन सांगितलं. डिसेंबरातच सुनील आन ती नगरला कचेरीत जाऊन लगीन करून आले. साक्षीला सही संस्कृतीची. पाव्हन्यालाबी ठावं न्हाई. म्हैना झाला, आन नवरी इथंच माझ्या गुडघ्याला तेल चोळीत बसली!

"तुमी हो म्हनल्याबिगर पाय निघंना, आई."

बाराच्या यष्टीत बसवून आले. वाजंत्री मागनं!