अर्धं कुरण

ता. १२ ऑगस्ट, दुपार

चि. बायो हिस बाबाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे. तांबडी गाय आता लंगडत नाही. माझा खोकला आहे तसाच. तू वेळेवर जेवतेस ना? तुझ्या खोलीच्या दाराला आतून कडी नीट लागते का, ते कळवलंच नाहीस. फाटकाची बिजागरी मी बसवली. अक्षर वेडंवाकडं आलंय. त्याचं कारण पुढे लिहितो.

बायो, कुरणात तू पेरलेलं देशी गवत कुठे दिसेचना. जिकडे बघावं तिकडे तण. जाताना तू बजावलं होतंस, "बाबा, पहिल्या वर्षी ते खालीच वाढतं. गाई सोडू नका, कशाला हात लावू नका." मी मान डोलावली. मनात म्हटलं, खाली वाढणारं गवत गाईने खायचं कसं?

पण रोज कुंपणाशी उभं राहून जीव टांगणीला लागायचा. "गवत रुजलं तर परत येईन, नाहीतर इथली नोकरी कायम करीन," असं तूच मागच्या पत्रात लिहिलंस. मला वाटलं, पोरगी येईल, ओसाड रान बघेल आणि तशीच माघारी फिरेल. कुरण नांगरून मका पेरू, निदान तो तरी हिरवागार दिसू दे.

म्हणून सकाळी ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "आजोबा, ताईंना विचारलंय ना?"

"बाप मी आहे का तू?" म्हटलं.

अर्धं कुरण नांगरून झालं आणि तो ट्रॅक्टरवरून खाली उतरला. "आजोबा, हे काय हो?" त्याच्या हातात बोटभर पातं, आणि त्याला मुळी माझ्या कोपरापर्यंत. मी ढेकळं फोडत सुटलो. प्रत्येक ढेकळात तेच! एवढं सगळं माझ्या पायाखाली चाललं होतं गं, आणि मी वरून बघून मेलं म्हणत होतो.

ट्रॅक्टरवाल्याने मला पाणी पाजलं, नांगर उचलला आणि गेला.

उरलेल्या तुकड्याच्या फाटकाला साखळी घातली आहे. निघालेली रोपं ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवलीत. परत लावली तर जगतील का? लगेच कळव. मला हवं तेवढं बोल, पण नोकरीला अजून हो म्हणू नकोस.

अर्धं आहे, बायो. अर्ध्याला मी हात लावलेला नाही.

फाटकाशी बसून राहिलेला,
तुझा बाबा