पलंगाखालचा सबवूफर

सांगली
१८ सप्टेंबर २०२४

चि. श्रेयस यास,

आशीर्वाद. खुशाली विचारत नाही, कारण प्रीतीच्या स्टेटसवर तुमचे महाबळेश्वरचे धुक्यातले फोटो पाहिले. म्हणजे साताऱ्यात सगळं ठीक आहे. इकडेही ठीक. ह्यांच्या दुकानाचं नेहमीसारखंच चाललंय, अंकिताची परीक्षा संपली, आईचे गुडघे दुखतात.

आज क्षमावणी. दशलक्षण पर्व संपलं की वर्षभरात ज्याचं मन दुखावलं असेल त्याची क्षमा मागायची, हे वळण अण्णांनी आपल्याला लहानपणापासून लावलं. सकाळपासून मी सगळ्यांना फोन केले, ज्या दूधवाल्याशी पाण्यावरून भांडले त्यालासुद्धा. उरलास तू. तू मला ब्लॉक केलं आहेस, त्यामुळे फोनचा प्रश्न नाही. आईनेच विचारलं, "शिऱ्याला कळवलीस काय गं? का त्येला तेवढा वगळलीस?" म्हणून कागद घेतला. तर जाणता-अजाणता माझ्याकडून तुझं मन दुखावलं असेल तर क्षमा कर. झालं मागून. आता बाकीचं लिहिते.

चुलत्यांच्या ग्रुपवर तू लिहिलंस, "आई अंथरुणाला खिळलीय आणि अक्काच्या घरी डीजे लागलाय." लिहिलंस आणि ग्रुप सोडून गेलास. मी काय उत्तर देते ते बघायलाही थांबला नाहीस. खाली सगळ्यांनी हसरी तोंडं टाकली. भरतेशकाकांनी तर मला फोन करून विचारलं, "व्हय गं त्रिशला, वरात हाय काय कुणाची?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुला कुणी सांगितलं तेही मला माहीत आहे, पण त्या माणसाचं नाव लिहून आजच्या दिवशी लेखणी विटाळत नाही.

डीजे नाही, श्रेयस. एक सबवूफर आहे, नुसते जाडे आवाज काढणारा खोका. जुना.

तो का आणावा लागला तेही ऐक. अण्णा गेल्यावर त्यांच्या गाण्याच्या सेटचे दोन मोठे स्पीकर तू उचलून नेलेस. "आई कुठं गाणी ऐकते? आमच्या हॉलला शोभतील," असं म्हणालास. मागे ठेवलास अ‍ॅम्प्लिफायर आणि कपाटावरचे दोन चिमुकले डबे. ते वाजतात म्हणजे किरकिरतात. तबला लावला तरी कुणी वाटीवर चमचा वाजवतंय असं वाटतं. तुझ्या हॉलमध्ये त्या मोठ्या स्पीकरांवर फुलदाणी ठेवली आहे, तीही मी प्रीतीच्या फोटोत पाहिली.

आईचा कान गेल्या वर्षी पुरता गेला. तुला फोनवर सांगितलं होतं तर म्हणालास, "वय झालंय, कमी ऐकू येणारच." कमी नव्हे रे. माणसाचा आवाज तिला येतच नाही. कानाचं यंत्र आणलं तर शिट्ट्या वाजतात म्हणून तिने काढून डाळीच्या डब्यात टाकलं. आम्ही पाटीवर मोठ्या अक्षरात लिहितो, ती वाचते. डॉक्टर म्हणाले की बारीक आवाज गेले आहेत, जाडे थोडे येत असतील, अंगाला तरी जाणवतील. ते ऐकून ह्यांनी मनावर घेतलं. तुझे भावोजी एरवी साधा बल्ब बदलायला चार दिवस लावतात, पण ह्या कामाला हात धुऊन लागले.

नवा घ्यायची आमची ऐपत नाही, तेव्हा शंभर फुटी रोडवर जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. कुणाच्या तरी होम थिएटरमधलं बाकी सगळं जळून गेलेलं, तेवढा सबवूफर शाबूत होता. अण्णांच्या अ‍ॅम्प्लिफायरला सबवूफरची वेगळी जागा नाही, म्हणून ज्याला स्पीकरच्या तारा थेट जोडता येतील असाच हवा होता. तो तसा निघाला. मी घासाघीस केली आणि मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आणला. ही आमची मौजमजा.

पहिल्यांदा कोपऱ्यात ठेवला तर स्वयंपाकघरातली मांडणी थडथडायला लागली. मांडणीमागे वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या. शेजारच्या स्वप्नालीला जाऊन विचारलं, त्रास होतो का, आणि तिला चालेल तेवढाच आवाज ठरवला. मग तो खोका आईच्या पलंगाखाली सरकवला. बारीक आवाज वरच्या डब्यांना, जाडा सगळा खाली, असं बटण फिरवून ह्यांनी पूजेचं रेकॉर्डिंग लावलं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मृदंग सुरू झाला आणि तिचा हात पलंगाच्या कडेवर गेला. थोड्या वेळाने बोटं हलायला लागली. ताल बरोबर होता, श्रेयस. मी तिथेच खाली बसून रडले. हे तू ग्रुपवर लिहायला हवं होतंस.

इथवर लिहून उठणार होते. पण अर्धंच सांगितलं तर तू मला पुन्हा खोटी ठरवशील.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी बटण थोडं जास्त फिरवलं. खालून घुमल्यासारखं नुसतं धक-धक-धक यायला लागलं. आई उठून बसली. स्वतःच्या स्वतः! मला दोन हातांनी उठवावी लागते ती बाई. पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "शिऱ्या आला बघ. दार उघड गं."

मला आधी कळेचना. मग कळलं. आई माझ्याकडे यायच्या आधी गावाकडे हाच पलंग ओसरीलगतच्या खोलीत होता आणि तुझी बुलेट ओसरीला लागायची. कान जायला लागले तेव्हापासून ती तुला असंच ओळखत होती, पलंगातून. आपण समजायचो, म्हातारीचा कान अजून तिखट आहे.

मी पाटीवर लिहिलं, "श्रेयस नाही. गाणं आहे." तिने वाचलं, पाटी उलटी ठेवली आणि म्हणाली, "गाडी लावत असंल." तेव्हापासून रोज हेच चाललंय. संध्याकाळी वाजवायचं, तिने बसायचं, दाराकडे बघायचं. मध्ये मी वैतागून चार दिवस लावलंच नाही. तिने जेवण अर्ध्यावर आणलं. मग पुन्हा लावलं.

खरं सांगू? मला राग येतो. खोका मी शोधला, मांडीवर मी आणला, तिचं हगणं-मुतणं मी काढते आणि येतोस तू. दिवसातून वीस वेळा मी त्या खोलीत जाते, माझी चाहूल तिला कधी लागत नाही. एखादे दिवशी वाटतं, तो सबवूफर उचलून कृष्णेत फेकावा.

आणि आता ते, ज्यासाठी हे पत्र आहे. मागच्या दिवाळीत तू नवी कार घेऊन गावी आलास आणि चहाही न घेता निघून गेलास. प्रीतीने नंतर मला सांगितलं की आईने तोंड फिरवलं म्हणून. शेत विकायला तिने नकार दिला होता त्याच आठवड्यातली गोष्ट. तू उंबऱ्यात उभा राहून दोनदा "आई" म्हणालास, ती वळली नाही आणि तू ठरवून टाकलंस. तेव्हा मलाही वाटलं की आई रागावली असेल. ती रागावली नव्हती. तिला तू आलेलाच कळला नाहीस. तुझ्या कारला आवाज नाही. ती आजही मला विचारते, "दिवाळीला का आला न्हाई गं त्यो?"

ह्याचं उत्तर मी पाटीवर काय लिहू? आलेला, आणि दारातून परत गेला? ते मी लिहिलेलं नाही. ते तुझं तू सांग.

रविवारी ये. शेताचं काढू नकोस, स्पीकर परत आणू नकोस, माझ्यासाठी काही आणू नकोस. उंबऱ्यातून हाक मारू नकोस. पलंगापाशी जा आणि कडेवर हाताने जोरात थाप मार. मग तिचं तोंड कुणीकडे फिरतं ते बघ.

मी स्वयंपाकघरात असेन. माझ्याशी बोललं नाहीस तरी चालेल, मलाही तुझ्याशी बोलायचं नाही. पण नाही आलास, तर त्या संध्याकाळी पाटीवर मी खरं लिहीन.

त्रिशला