निळ्या दिव्याखालची बटणं

कीलुंग, बुधवार

प्रिय अ-त्सुंग,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी लगेच ज्ञान पाजळायला लागतो, म्हणून कागद घेतला. तुझी आणि शू-हुईची तब्येत आता ठणठणीत आहे, छोटीचा खोकलाही थांबला, असं कळलं. ऐकून बरं वाटलं. खरं तर तसं वाटून घ्यायचा मला हक्क नाही.

आयुष्यभर मी बंदरावर क्रेन चालवली. शाळा आठवीतच सुटली. पण घरी समुद्री माशांच्या टाक्या ठेवणाऱ्या आपल्या ग्रुपवर मी गुरुजी! कुणी फोटो टाकून विचारावं, हे कुठलं प्रवाळ, आणि इतरांनी चष्मा शोधेपर्यंत मी नाव सांगून मोकळं व्हावं. मग लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस. निवृत्त माणसाला याची चटक लागते रे. आमची ही म्हणायची, "घरातली औषधाची गोळी ओळखता येत नाही आणि समुद्रातल्या किड्यांची बारशी करतायत." मी हसण्यावारी न्यायचो.

तुझ्या टाकीतला तो निळ्या ओठांचा शिंपला आठवतो? मी सगळ्यांदेखत ठासून सांगितलं होतं, हा पाठीवर खवले असणाऱ्या जातीचा. तू ग्रुपवर चकार शब्द काढला नाहीस. दुपारी पाइनॅपल केक घेऊन घरी आलास आणि हळूच म्हणालास, "गुरुजी, एकदा येऊन त्याच्या पाठीवरून जरा बोट फिरवून बघता का? मला तो गुळगुळीत लागतो. माझंच चुकत असेल." तुझं चुकत नव्हतं. संध्याकाळी मी ग्रुपवर माझीच चूक मला सापडल्यासारखी दुरुस्त केली आणि लोकांनी वर माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. तू माझी अब्रू राखलीस. मी मात्र त्यातून एवढंच शिकलो, की अब्रू राखता येते.

मग ती तपकिरी बटणं आली, ते बटणाएवढे मऊ प्रवाळ. तुझ्या टाकीतल्या दगडांवर गवतासारखी माजलेली, निळ्या दिव्याखाली काढलेला फोटो. निळ्या दिव्यात शेवाळसुद्धा राजकन्या दिसतं, पांढरा दिवा लावल्याशिवाय नाव सांगू नये, हे नव्या पोरांना मीच बजावत आलो. पण त्या दिवशी ग्रुपवरचा तैचुंगचा तो मासे विकणारा दुकानदार उत्तर टाइप करताना दिसत होता. त्याच्या आधी मी लिहिलं, "साधी बटणं. दगड उकळ, सुटून येतील." तू उकळलास. बाहेर पाऊस, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद.

तासाभरात तुम्हा तिघांना हुडहुडी, तोंडात कडू लोखंडासारखी चव, धाप. हॉस्पिटलात पहिला प्रश्न हाच, की काय खाल्लं? दुपारी तुझ्या आईंनी केलेलं शिंपल्यांचं आल्याचं सूप तुम्ही तिघं प्यायला होतात. फक्त आई प्यायल्या नव्हत्या. चांद्र महिन्याचा पंधरावा दिवस, त्यांचा शाकाहार. तुम्हाला वाढून त्या देवळात गेल्या होत्या, त्या संध्याकाळीच परतल्या. सूप प्यालेले तिघे आजारी आणि न प्यालेली एकटी धडधाकट. मग आणखी कुणी काही शोधलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तुझ्या माशांना खायला घालायला मीच गेलो होतो. टाकीत राहिलेल्या दुसऱ्या दगडावर तीच बटणं होती. पांढरा दिवा लावला, हातमोजे घालून चिमट्यानं एक बटण उलटं केलं. त्याच्या मांसात वाळूचे कण रुतलेले होते. साध्या बटणांत वाळू नसते, अ-त्सुंग. वाळू असते ती विषारी जातीत, आणि तिची वाफ फुप्फुसात गेली तर माणूस मरूही शकतो. मला हे वीस वर्षांपासून माहीत आहे. तिथेच, तुझ्या घरात उभं राहून, मी ग्रुपवरचं माझं उत्तर पुसून टाकलं. दगड "सांभाळतो" म्हणून घरी आणला आणि बंद डब्यात ठेवला.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर नुसता भित्रा ठरलो असतो. पण हॉस्पिटलातून घरी परतल्यावर तू मला सरळ विचारलंस, "गुरुजी, ते त्या वाफेनं तर झालं नसेल ना?" आणि मी म्हणालो, "छे रे, साधी बटणं ती. बाजारात हल्ली काय माल येतो, तूच बघतोस." माझ्या चुकीनं तुम्ही आजारी पडलात, पण आईंच्या माथी खापर फोडलं ते मी जाणूनबुजून.

काल सकाळी आई मला मासळीबाजारात भेटल्या. हातात पिशवी रिकामीच. म्हणाल्या, शनिवारी ताइतुंगला लेकीकडे चाललेय, कायमची. सूनबाई काही बोलत नाही, पण नातीच्या ताटात माझ्या हातचं वाढलं की आधी स्वतः वास घेऊन बघते. मग शिंपल्यांच्या टोपलीकडे बघत त्यांनी विचारलं, "गुरुजी, तुम्हाला शिंपल्यांतलं कळतं. खराब कसा हो ओळखायचा? मी तर त्या दिवशी एकेक एकमेकावर वाजवून घेतला होता. मला कसा कळला नाही?" आणि अ-त्सुंग, मी त्यांना समजावून सांगितलं. आवाज कसा ऐकायचा, कडा कशी दाबून बघायची, सगळं. त्या मान डोलावत होत्या, मधूनच म्हणत होत्या, "असं होय, असं होय." म्हणून हे पत्र. ग्रुपवर मी आज सकाळीच सगळं लिहिलं आहे, माझ्या नावानिशी. तू मला दारात उभं करू नकोस, चालेल. पण शनिवारच्या आत हे आईंना वाचून दाखव, शू-हुईला समोर बसवून. त्यांनी निवडलेल्या शिंपल्यांत एकही खराब नव्हता.

तुझाच, तोंड लपवत फिरणारा,
पिंग-युआन