खाली राहिलेला हात

बाबा, तुमच्या शेतकरी पक्षाचा इतिहास मी लिहिते आहे. हसू नका. मोहन नगरातल्या तुमच्या पक्षातल्या जुन्या सोबत्याला, ज्यांना मी काका म्हणते त्यांना, पुस्तिका काढायची आहे आणि त्यांच्या घरात आता कुणाला मराठी धड लिहिता येत नाही. ते सांगतात, मी लिहिते. धानाच्या भावासाठी अन् कालव्याच्या पाण्यासाठी चार गावांनी मिळून काढलेला पक्ष. एकदाच निवडून आलेला एक आमदार, बाकी नुसता हट्ट. पक्षाचा एक नियम मला सगळ्यात आवडतो. सभेत आधी आपल्या जमिनीत कोणतं पीक उभं आहे ते सांगायचं, मगच मताला हात वर करायचा; काहीच उभं नसेल तर हात खाली. तुम्ही तर भिलाईला स्टील प्लांटमध्ये नोकरीला लागलेले, गावची जमीन भावाकडे. म्हणून मरोद्याच्या आपल्या प्लांटच्या क्वार्टरमागे दर हिवाळ्यात हरभऱ्याचे दोन वाफे. शेजारी हसायचे, पण तेवढ्या दोन वाफ्यांच्या जोरावर तुम्ही गावच्या सभेत ऐटीत बसायचात.

आणि ज्या वर्षी पक्ष एका मोठ्या पक्षात विलीन करायचा की नाही यावर मतं घ्यायची होती, नेमकं त्याच वर्षी मी अन् माझ्या मैत्रिणींनी सगळा हरभरा उपटला आणि घाटे भाजून खाल्ले. सभा दोन दिवसांवर. तुम्ही पहिली पाळी करून येता, सायकल लावता, रिकाम्या वाफ्यांकडे बघत उभे राहता. मी दाराआड. आई म्हणते, "उभा हाये म्हणून सांगून द्या. तिथून इतक्या दूर कोण पाह्यले येते?" तुम्ही म्हणता, "मी पाहून राहिलो ना." मला रागावला नाहीत, दोन फटके दिले असते तर बरं झालं असतं. विलीनीकरणाला तुमचा कडाडून विरोध होता. तरी सभेत हात खाली ठेवून बसलात आणि परत आल्यावर आईला तसं सांगितलंत. पक्ष संपला. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही पुन्हा हरभरा पेरलात आणि मला हाक मारून म्हणालात, "खा आता पोटभर. आता कोणालेच काही सांगाचं नाही." इतका गोड हरभरा मी पुन्हा खाल्ला नाही.

मागच्या आठवड्यात काका सांगत होते, "विरोधात पह्यला हात तुह्या बाबाचा. मी बाजूलेच बसलो होतो." सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला की मी मुकाट्यानं लिहून घेतलं. आज शेवटची प्रुफं संध्याकाळी प्रेसमध्ये द्यायची आहेत. हे पत्र पहिल्या प्रुफांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिते आहे, ते रद्दीतच जातील. त्या वाक्यावर लाल पेन तीनदा टेकवलं. तुम्ही असता तर खोडायला लावलं असतं, एवढं मला कळतं. पण बाबा, तो हात माझ्यामुळे खाली राहिला होता. मी वाक्य तसंच ठेवलं आहे, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.