तिसऱ्या ओळीतला श्वास

४ मार्च

ग्रंथपालबाई पुन्हा आल्या. शहरातल्या सगळ्या बँडांचा इतिहास वाचनालयाच्या भिंतीवर लावायचाय म्हणे, जिन्यापासून थेट खिडकीपर्यंत. मुलाखती त्या टेप करणार, ऐकून टाइप मी करणार. बंदर कचेरीत तेहतीस वर्षं टाइप केलं, म्हणून हे काम माझ्या गळ्यात! नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं.

५ मार्च

पहिला नंबर डब्याचा. दादाच्या बँडचा ड्रमवाला. शिकला बिस्किटांच्या डब्यावर, म्हणून डबा. मीही बाईंशेजारी बसले होते. दोन तास बोलला. पाळी सुटली की गोदीतली माणसं ग्रीसच्या हातांनी तशीच बर्फाच्या कारखान्यामागच्या हॉलमध्ये यायची. खलाशी नव्या चाली शिकवून जायचे आणि ते परत येईपर्यंत आपले लोक त्या पार बिघडवून ठेवायचे. "बिघडवून बिघडवूनच आपलं संगीत झालं, बाई!" हसू आवरेना.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तुझ्या दादाची ती रेकॉर्ड! मी बँडमध्ये आलो त्याच्या आदल्या वर्षीची. तिसऱ्या ओळीत मधेच तो श्वास — काय डोकं म्हणायचं!"

घरी येऊन तेही टाइप केलं.

८ मार्च

आज तिघे ट्रम्पेटवाले. तिघेही त्या श्वासावरच घसरले. दादाने त्यांना तो घोटून घोटून शिकवला, त्यांनी पुढच्यांना. आता शाळेचा बँडसुद्धा तिथेच थांबतो. बाहेरगावचे वाजवणारे हसतात, तर आमचे त्यांना म्हणतात, "तुम्हाला नाही कळायचं."

इथे तरी लिहिते. एकदाच. तो श्वास चूक आहे. आणि चूक माझी आहे.

रेकॉर्डवाला एका दुपारपुरता आला होता, चारला त्याचं जहाज. सकाळीच गोदीत दादाच्या तोंडावर लोखंडी दार आदळलं. ओठ फाटला. वेष्टनं आधीच छापून आलेली — ट्रम्पेट, दादा. "तू वाजव," म्हणाला. "मी नसताना वाजवतेस ते जिन्यातून ऐकतो ना मी!" एकोणीस वर्षांची होते. वाजवत होते बरी. तिसऱ्या ओळीत काचेपलीकडे नजर गेली, तर दादा ओठाला फडकं लावून रडत होता. माझा दमच तुटला. भलत्याच जागी श्वास घेतला. परत वाजवायला वेळ नव्हता.

त्या खोलीतलं आता दादा आणि मी, दोघंच उरलोय.

११ मार्च

उद्या दादाची मुलाखत. नावांचे फलक शुक्रवारी छापायला जाणार.

सकाळपासून स्वारी खुशीत. दोनदा दाढी केली! तोच किस्सा पुन्हा — कसा उभा राहिलो, कसे गाल फुगवले. बावन्न वर्षं सांगून सांगून त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलंय.

राग येतो का? येतो! माझं नाव हवंय मला त्या भिंतीवर. हवंय. पण एकोणऐंशीव्या वर्षी त्याच्या हातातून हे कसं काढून घेऊ? लहानपणी त्याने मला खांद्यावर बसवून बँड दाखवलेत.

१२ मार्च

मुलाखत आमच्याच घरी झाली. मी चहाचं निमित्त करून आत गेले. समोर बसून ऐकवलं नसतं.

राहू दे त्याचंच नाव. ठरलं.

१३ मार्च

दादाची टेप लावली. टाइप मीच करते, हे त्याच्या ध्यानातच नसावं.

बाई विचारतात, "तो श्वास सुचला कसा?" दादा हळू आवाजात — "मला कुठला सुचतोय! धाकटीने वाजवलंय ते. माझ्याकडे बघून दम तुटला पोरीचा. मग मीही तिथेच थांबायला लागलो. सगळ्यांना तिथेच थांबायला लावलं. म्हटलं, तिची चूक कुणाला चूक वाटायला नको. भिंतीवर तिचं नाव घाला. फक्त तिला आधी कळू देऊ नका, नको नको करत बसेल."

मग कपबश्या वाजतात. माझा आवाज — "दादा, चहा."

आणि दादा लगेच, खणखणीत — "हां, तर असे गाल फुगवले मी, आणि वाजवलं!"